दुसरा शनिवार लावूनही पॅच महिनाभर मागे, शेड्यूल कुठे चुकतंय?

रीबूट_बाकी
नमस्कार मंडळी. विंडोज ११ ची १८० मशीन, त्यांतले ६० लॅपटॉप, आणि वर डब्ल्यूएसयूएसचा (मायक्रोसॉफ्टचे अपडेट ऑफिसातल्या मशीनना वाटणारी सेवा) एकच सर्व्हर. सध्याची मांडणी अशी: सर्व्हर रोज रात्री १ वाजता सिंक होतो (मायक्रोसॉफ्टकडून नवी यादी घेतो), क्लायंटचं डिटेक्शन (मशीनने सर्व्हरला नवं काही आहे का विचारणं) दर १ तासाला, आणि ग्रुप पॉलिसीत (सगळ्या मशीनना एकदम लागू होणारी सेटिंग) पर्याय ४ (आपोआप डाउनलोड, ठरल्या वेळी इन्स्टॉल), 'महिन्याचा दुसरा आठवडा', शनिवार, पहाटे ३. पॅच मशीनना द्यायची मंजुरी सर्व्हरवर शुक्रवारी संध्याकाळी.

तक्रारी चार. काही महिन्यांत शनिवार उलटतो तरी त्या महिन्याचा पॅच एकाही मशीनवर नसतो, काही महिन्यांत मात्र बिनबोभाट लागतो. सकाळी सगळी मशीन सुरू झाली की सर्व्हर ५०३ ('सेवा उपलब्ध नाही' ही एरर) देतो आणि डब्ल्यूएसयूएसचा कन्सोल 'रीसेट सर्व्हर नोड'वर अडकतो. लॅपटॉप रात्री बंदच असतात. आणि पॅच लागलेली मशीनसुद्धा रिपोर्टमध्ये 'पॅच हवा' म्हणून दिसतात.

डिटेक्शन अर्ध्या तासावर आणू का?

लॉगवाचक
आणता येणारच नाही, त्या पॉलिसीत १ ते २२ एवढेच तास बसतात. आणि आणायचंही नाही, उलट वाढवा.

आधी कॅलेंडरचा घोळ. मायक्रोसॉफ्टचा मासिक पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतो, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी १० वाजता. पॉलिसीतला दुसरा आठवडा म्हणजे ८ ते १४ तारीख. दुसरा मंगळवारही ८ ते १४ मध्येच पडतो. त्यामुळे आधी मंगळवार की आधी शनिवार, हे १ तारखेला कोणता वार आहे त्यावर ठरतं. १ तारखेला रवि, सोम किंवा मंगळ असेल तर पॅच आधी, शनिवार नंतर. बुध, गुरू, शुक्र किंवा शनि असेल तर शनिवार आधीच होऊन जातो. ऑक्टोबर २०२५ काढून बघा: १ तारीख बुधवारी, दुसरा शनिवार ११ ला, पॅच १४ ला. ११ च्या पहाटे मशीनना लावायला होता तो सप्टेंबरचाच. सातांपैकी चार वारांना हे असंच होणार.

तिसरा आठवडा लावला तर पॅच नक्की आलेला असतो, पण १ तारखेला रवि-सोम-मंगळ असेल त्या महिन्यात ११ दिवस थांबावं लागतं. मी तरी तसं करणार नाही. इन्स्टॉल दर शनिवारी ठेवा आणि लगाम मंजुरीत ठेवा. मंजूर काही नसेल तर शनिवार कोरा जातो, बिघडत काहीच नाही. कंप्युटर ग्रुप तीन करा: चाचणीची ८-१० मशीन (प्रत्येक विभागातलं आणि प्रत्येक हार्डवेअर मॉडेलचं निदान एक), मग ३५-४०, मग उरलेली. चाचणी गटाचा वेगळा जीपीओ (ग्रुप पॉलिसीचा संच), इन्स्टॉल रोज पहाटे ३. त्याला बुधवारी मंजुरी द्या, दोन दिवस बघा, मग पुढच्या गटाला.

आता डिटेक्शन. पॉलिसीत लिहिलेल्या तासांतून क्लायंट स्वतःच ० ते २० टक्के वजा करतो, म्हणजे २२ लिहिलंत तर प्रत्यक्षात १७ तास ३६ मिनिटं ते २२ तास. ८ लिहा, ६ तास २४ मिनिटं ते ८ तास मिळतील. पण मग शुक्रवार संध्याकाळची मंजुरी चालणार नाही. डब्ल्यूएसयूएस मूळ सेटिंगमध्ये फाइल मंजुरीनंतरच खाली ओढतो. सर्व्हरचं डाउनलोड, मग डिटेक्शनची एक पूर्ण फेरी, मग क्लायंटचं डाउनलोड, एवढं सगळं पहाटे ३ च्या आत बसायला हवं. म्हणून दुसऱ्या गटाला मंजुरी शुक्रवारी सकाळी, ऑफिस उघडताच. मोठ्या गटाला पुढच्या गुरुवारी.

आयआयएसचा_हमाल
५०३ चं औषध वेगळं आहे. आयआयएसमध्ये (विंडोजचा वेब सर्व्हर, डब्ल्यूएसयूएस त्यावरच चालतो) डब्ल्यूएसयूएसपूल हा अ‍ॅप्लिकेशन पूल उघडा. प्रायव्हेट मेमरी लिमिट मुळात १८,४३,२०० केबी असतं. स्कॅनच्या गर्दीत तेवढं भरलं की पूल रीसायकल होतो (बंद होऊन नव्याने सुरू होतो), अर्धवट राहिलेले क्लायंट पुन्हा पहिल्यापासून स्कॅन मागतात आणि मेमरी परत भरते. हेच चक्र दिवसभर. रॅम पुरेशी असेल तर लिमिट ० (म्हणजे मर्यादा नाही) किंवा किमान ४ जीबी करा, आणि क्यू लेंग्थ (रांगेत थांबू शकणाऱ्या विनंत्या) १००० वरून २०००.

पण नुसती मेमरी वाढवणं म्हणजे गळक्या नळाखाली मोठी बादली. सुपरसीड झालेले (ज्यांची जागा नव्या अपडेटने घेतली ते) जुने अपडेट 'डिक्लाइन' करा, म्हणजे नाकारा. ते केलं नसेल तर प्रत्येक क्लायंट दर स्कॅनला ती सगळी जंत्री तपासत बसतो. ड्रायव्हर हे क्लासिफिकेशन सिंकमधून काढून टाका, यादी सर्वांत जास्त तेच फुगवतं.

रिपोर्टचं म्हणाल तर बहुतेक वेळा रीबूट बाकी असतो. इन्स्टॉल झालं, रीबूट झाला नाही, की कन्सोलमध्ये स्थिती 'इन्स्टॉल्ड पेंडिंग रीबूट'. रीबूटनंतरही पुढचा स्कॅन होऊन निकाल सर्व्हरला पोचेपर्यंत जुनंच चित्र दिसतं. शनिवारचा रिपोर्ट शनिवारी काढूच नका, सोमवारी दुपारी काढा.

एकाच इमेजवरून क्लोन केलेली मशीन असतील तर रजिस्ट्रीतला एसयूएस-क्लायंट-आयडी (डब्ल्यूएसयूएस ज्यावरून मशीन ओळखतो तो) सारखा निघतो का तेही बघा. तसं असेल तर दहा मशीन कन्सोलमध्ये एकाच ओळीत आलटूनपालटून दिसतात.

रीबूट_बाकी
१ तारखेचा वार लावून मागचे महिने पडताळले, तंतोतंत जुळतंय. लॅपटॉपचं काय? वेक-ऑन-लॅन (बंद मशीन नेटवर्कवरून सुरू करणं) लावू?

लॉगवाचक
डेस्कटॉपला लावा, लॅपटॉपला विसरा. मशीन उठवणारं मॅजिक पॅकेट ब्रॉडकास्टने (नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम) जातं, राउटर ते सहसा पलीकडे सोडत नाही, आणि वायफायवरच्या बंद लॅपटॉपला त्याचा काही उपयोग नाही. डेस्कटॉपवरही बायोसमधलं सेटिंग सुरू आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद ठेवा.

लॅपटॉपसाठी वेगळा ग्रुप करा आणि मंजुरी देताना डेडलाइन द्या. डेडलाइन उलटून गेलेली असेल तर मशीन सुरू होऊन डिटेक्शन झालं की पॅच लगेच बसायला घेतो, रात्रीची वाट बघत नाही. गोम एवढीच की रजेवरून आलेला माणूस सकाळी मीटिंगमध्ये लॅपटॉप उघडतो आणि तिथेच रीबूट मागतो. मंजुरी आणि डेडलाइन यांत किमान ३ कामाचे दिवस सोडा, म्हणजे बहुतेकांचं काम त्याआधीच उरकलेलं असतं.

टर्मिनलकर
कोणाकडे सोबत उबुंटू (लिनक्स) असेल तर तिथेही घड्याळं दोनच आहेत. एपीटी-डेली टायमर सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ ला याद्या आणतो, वर १२ तासांपर्यंतचा रँडम विलंब. एपीटी-डेली-अपग्रेड सकाळी ६ ला, १ तासापर्यंत विलंब, आणि इन्स्टॉल तो करतो. वेळ बदलताना टायमरच्या ओव्हरराइड फाइलमध्ये आधी ऑनकॅलेंडरची (वेळ ठरवणाऱ्या सेटिंगची) रिकामी ओळ लिहा, मग नवी वेळ. नाहीतर जुनी वेळही चालू राहते आणि अपग्रेड दोनदा धावतं. अनअटेंडेड-अपग्रेड्समध्ये (अपडेट आपोआप लावणारा प्रोग्राम) ऑटोमॅटिक रीबूट मुळात बंद असतो. तो सुरू करून वेळ ०२:०० दिलीत, तर सकाळी साडेसहाला बसलेला कर्नल दुसऱ्या पहाटे २ पर्यंत नुसता डिस्कवर पडून राहतो. अपग्रेडच रात्री १२ वर आणा.