ऑफिस सॉफ्टवेअर : वर्षाची वर्गणी की एकदाच खरेदी?

प्रश्न (रावेर)

आमची रावेरला केळीची आडत आहे. तीन संगणकांपैकी एकावर दिवाणजी गाड्यांची वजने आणि बऱ्हाणपूरचा भाव एक्सेलमध्ये भरतात, दुसऱ्यावर शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या छापल्या जातात आणि तिसरा माझ्याकडे असतो. आमच्याकडे ऑफिस २०१९ आहे आणि त्याची सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. दुकानदार मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी सुचवतो. मला मात्र ऑफिस २०२४ एकदाच विकत घ्यावेसे वाटते, कारण केळीचा भाव पडला की दरवर्षीचा हप्ता जड जातो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (धुळे)

भाऊ, एकदाच खरेदी म्हणजे कायमची सोय, असे आपण धरून चालतो. ऑफिस २०२४ ची अद्यतने ९ ऑक्टोबर २०२९ रोजी थांबतील, आणि ही मुदत आपण पैसे मोजले त्या दिवसापासून नव्हे, तर ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात आले तेव्हापासून धरलेली आहे. म्हणून किमतीला पाच वर्षांनी भागू नका. उरलेल्या महिन्यांनी भागा आणि मग वर्गणीशी ताडून पाहा. त्यानंतरही ते चालेल, पण उघड्या दाराने. दुसरे असे की व्यवसायासाठी ‘होम अँड बिझनेस’ ही आवृत्तीच घ्यावी लागते, साधी ‘होम’ घरगुती वापरापुरती असते.

उत्तर (चोपडा)

मी कर सल्लागार आहे आणि चार वर्षे वर्गणी भरतो आहे. खरेदी संगणकागणिक असते, वर्गणी माणशी. एका माणसाच्या वर्गणीवर पाच संगणक चालतात. आपले दिवाणजीच दोन्ही यंत्रे हाताळत असतील, तर हिशेब पुष्कळ बदलतो. वर्गणीची खोड मात्र मी भोगली आहे. माझ्या कार्डाची मुदत संपली, हे माझ्या ध्यानात आले नाही, त्यामुळे वर्गणी भरली गेली नाही, आणि ऐन मार्चअखेर फाईल उघडत होती, छापली जात होती, पण तिच्यातला एक आकडा बदलता येत नव्हता. त्या रात्री लिब्रेऑफिस हे ऑफिससारखेच दुसरे सॉफ्टवेअर उतरवून काम निभावले. ते विनामूल्य आहे. नुसत्या पट्ट्या छापण्याच्या संगणकाला त्याहून अधिक काही लागू नये.

प्रश्नकर्ता (रावेर)

आभारी आहे. दोन्ही यंत्रे दिवाणजीच हाताळतात, हे मी सांगायचे राहिले. लिब्रेऑफिसमध्ये जुनी पट्टी उघडून पाहिली, तर शेवटची ‘निव्वळ देणे’ ही ओळ दुसऱ्या पानावर सरकली.

उत्तर (चोपडा)

समास थोडा कमी करा आणि मूळ फाईलमधला मराठी फॉन्टच त्या संगणकावर बसवा. बहुधा फॉन्ट बदलल्यामुळेच ओळी सरकल्या असतील.