मदत हवी आहे: ड्रायव्हिंगचे शब्द स्पेनच्या स्पॅनिशमध्ये कसे म्हणतात?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे. धाकटी बहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे व्हॅलेन्सियाला असते. तिथे राहायला गेलं की आपलं लायसन्स सहा महिनेच चालतं, मग स्पेनचं काढावं लागतं. लेखी परीक्षा तिने इंग्रजीतून दिली, पासही झाली. आता गाडीवरची परीक्षा २० दिवसांवर आलीय, आणि मागच्या सीटवरून परीक्षक सगळं स्पॅनिशमध्ये सांगणार.

बाबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. होम मैदानावर तिला गाडी त्यांनीच शिकवली. रोज व्हिडिओ कॉलवर ते वहीतून हुकूम सोडतात आणि ती जेवायची ताटली स्टिअरिंगसारखी फिरवते. वही मी इंग्रजी याद्यांवरून, देवनागरीत उच्चार लिहून केलीय. आणि तिथेच माझी चूक झाली.

मी याद्या मिसळल्या. इंडिकेटरला मी 'दिरेक्सिओनाल' लिहिलं, ते मेक्सिकोकडचं, स्पेनमध्ये 'इंतेर्मितेंते'. गाडी चालवणं तिकडे 'मानेखार', स्पेनमध्ये 'कोंदुथिर'. ओव्हरटेकला तिकडे 'रेबासार', स्पेनमध्ये 'आदेलांतार'. 'यांता' मी टायर म्हणून लिहिला होता. स्पेनमध्ये यांता म्हणजे रिम, टायर म्हणजे 'नेउमातिको'. परीक्षेआधी टायर, ऑइल वगैरे दाखवायला सांगू शकतात, म्हणून हा गोंधळ मला जास्त खुपतो.

सगळ्यात भीती वाटते ती 'देरेचा' आणि 'देरेचो'ची. पहिला म्हणजे उजवीकडे, दुसरा लॅटिन अमेरिकेत सरळ. बाबांच्या तोंडी दोन्ही सारखेच ऐकू येतात, आणि परवा 'सरळ' म्हटल्यावर तिने ताटली उजवीकडे वळवली. स्पेनमध्ये सरळला 'रेक्तो' म्हणतात हे नंतर कळलं. ते पान मी फाडूनच टाकलं.

क्लच 'एम्ब्रागे', ब्रेक 'फ्रेनो', गिअर 'मार्चा' हे तिला पाठ आहे. 'रोतोंदा' म्हणजे सर्कल, हे तर सात रस्त्याचं नाव घेतल्याबरोबर बाबांना कळलं.

आता विचारायचं ते असं. स्पेनमध्ये ज्यांनी ही परीक्षा दिलीय त्यांनी सांगा, परीक्षक 'खीरे आ ला देरेचा' असं पूर्ण वाक्य म्हणतात की नुसतं 'आ ला देरेचा'? डावीकडेसाठी मी 'इथ्क्येर्दा' लिहिलंय, बरोबर आहे का? सर्कलवर 'तेर्थेरा सालिदा', म्हणजे तिसऱ्या रस्त्याने बाहेर, असंच सांगतात ना? आणि गाडी लावायला सांगताना 'आपार्के' म्हणतात की 'एस्ताथिओने'? थांबणं आणि पार्किंग यांत तिथला कायदा फरक करतो. ड्रायव्हर गाडीतच असेल आणि दोन मिनिटांच्या आत निघणार असेल तर ती 'परादा'. म्हणून नेमका शब्द हवाय.

कुणी ही वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवली तर फार उपकार होतील. बाबांना वाचून जमत नाही, ऐकून लगेच जमतं.