भूस्थिर उपग्रहाची (पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहाची) इंधनाची टाकी कक्षेतच का भरत नाहीत?

प्रश्न: इंटेलसॅट ९०१ हा २००१ मधला उपग्रह. इंधन संपत आलं, तरी बाकीचा धडधाकट होता. २०२० मध्ये एमईव्ही-१ हे जुन्या उपग्रहांचं आयुष्य वाढवणारं यान त्याला जाऊन चिकटलं, पण इंधन भरलं नाही, नुसतं ओढत-वळवत राहिलं. भरायची झडप तर असते ना?

प्रतिसाद १: असते, पण उड्डाणाआधी जमिनीवर भरण्यापुरती. भरून झालं की टोपी आवळतात, ती सुटू नये म्हणून लॉकवायर पिळतात आणि वर उष्णतारोधक फॉइल येतं. नासाने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या डेक्स्टर यंत्रहाताकडून नमुन्याच्या झडपांवर हे उलट क्रमाने करवून घेतलं. लॉकवायर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची, तिच्याखाली हत्याराचा आकडा सरकवायला काही मिलिमीटरचीच फट. तार तुटली की टोपी, मग नळी. जानेवारी २०१३ मध्ये इथेनॉल भरून दाखवलं. खऱ्या उपग्रहात हायड्राझीन हे विषारी इंधन असतं, शिवाय तारेचा तुकडा तरंगत सुटला तर तो कुठे अडकेल याचा नेम नाही.

प्रतिसाद २: म्हणून एमईव्हीने झडपेला हातच लावला नाही. या उपग्रहांवर पकडायला खास कडी नसते. पण मागे मुख्य इंजिनाचं नोझल (झोत बाहेर टाकणारं तोंड) असतं आणि भोवती रॉकेटवर बसवायची कडक रिंग. एमईव्ही आपला दांडा नोझलमधून अरुंद गळ्यापलीकडे घालतं, तिथे त्याचं टोक फुलतं, मग दांडा मागे खेचून रिंग आपल्या टेकूंवर घट्ट दाबून धरतं. पुढे दिशा आणि कक्षा दोन्ही एमईव्हीच्या थ्रस्टरवर, म्हणजे छोट्या इंजिनांवर. माझ्या मते हाच शहाणपणाचा मार्ग होता. पहिली जोडणी भूस्थिर कक्षेच्या सुमारे ३०० किमी वर केली, म्हणजे काही बिघडलं तरी शेजारच्या उपग्रहांना धोका नाही. एमईव्ही-२ ने मात्र २०२१ मध्ये इंटेलसॅट १०-०२ ला थेट भूस्थिर कक्षेतच गाठलं.

प्रश्नकर्ता: मग इस्रोचं स्पेडेक्स, म्हणजे कक्षेत दोन उपग्रह जोडण्याचा प्रयोग, यात कुठे बसतं?

प्रतिसाद १: १६ जानेवारी २०२५ ला जोडलेले ते दोन्ही उपग्रह, प्रत्येकी सुमारे २२० किलोचे, मुळात जोडण्यासाठीच बनवले होते. एमईव्हीसमोरचा उपग्रह तसा नव्हता, फरक तिथेच आहे. २००७ च्या ऑर्बिटल एक्सप्रेस या अमेरिकी प्रयोगात कक्षेतच हायड्राझीन भरलं, बॅटरीही बदलली, कारण समोरच्या नेक्स्टसॅटवर त्यासाठीची जोडणी आधीपासून होती. आता ऑर्बिट फॅब कंपनीची राफ्टी ही इंधन भरायची झडप येतेय. जमिनीवरही त्यातूनच भरा, कक्षेतही त्यातूनच. अशी झडप बसवलेल्या उपग्रहावर तार कापायचा प्रश्नच येत नाही.