मदत हवी आहे: लेदरच्या हातकामाला सुरुवात करताना कोणती हत्यारं घ्यावीत? (नाशिक)

नमस्कार. लेदरचं हातकाम शिकायचं आहे. आधी कार्डांचं छोटं पाकीट, ते जमलं की पट्टा. हत्यारांसाठी ३,००० रुपये बाजूला काढले आहेत. ऑनलाइन ४०-५० नगांचे संच दिसतात, ते घ्यावेत का? फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, त्यामुळे ठोकण्याच्या आवाजाचाही प्रश्न आहे. नाशकात काय मिळेल आणि काय बाहेरून आणावं लागेल?

प्रतिसाद १

संच घेऊ नका. त्यातले बरेचसे नग नक्षीचे ठसे असतात. ते फक्त व्हेज टॅन, म्हणजे झाडाच्या साली-फळांच्या अर्कात कमावलेल्या चामड्यावर, तेही ओलसर असताना उमटतात. पाकिटाला त्यांचा उपयोग नाही. उलट शिलाईची भोकं पाडणारी छिन्नी, जिच्यावर सगळी शिलाई अवलंबून, ती स्वस्त संचात बहुधा सर्वांत कच्ची असते. दात जाड आणि खरखरीत असले की भोकं फाकतात, छिन्नी चामड्यात अडकते, मग माणूस ती हलवून ओढतो आणि दात वाकतात.

पैसा छिन्नीवर घाला. डायमंड, म्हणजे चौकटच्या आकाराच्या दातांच्या दोन घ्या, एक २ दातांची, एक ६ दातांची, दोन्हींत दातांमधलं अंतर ४ मिमी. सहाची सरळ रेषेला, दोनची वळणाला. दोन्ही एकाच कंपनीच्या हव्यात, नाहीतर अंतर जुळत नाही. पुढचा ठोका मारताना पहिला दात मागच्या शेवटच्या भोकात ठेवायचा, म्हणजे ओळ सरकत नाही. छिन्नी काटकोनात धरा. ती कलली तर पुढून शिलाई देखणी आणि मागून वाकडी येते. दातांना अधूनमधून मेण लावलं की सरळ ओढून निघते.

बाकी सगळं साधं. स्टेशनरीच्या दुकानातला १८ मिमी पात्याचा कटर, ३० सेंमीची स्टीलची पट्टी (मागे मास्किंग टेप लावा, घसरत नाही), ए-३ कटिंग मॅट, कंपासपेटीतला डिव्हायडर. डिव्हायडर ३ मिमीवर ठेवून कडेने रेघ ओढली की शिलाईची रेषा तयार. दोन बोथट टोकाच्या सुया (दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक) आणि ०.६ मिमीचा मेण लावलेला पॉलिस्टर दोरा. दोरा शिलाईच्या ४ पट, वर २० सेंमी जास्त.

प्रतिसाद २

आवाजाबद्दल. ग्रॅनाईटवाल्याकडे ओट्याच्या सिंकसाठी कापून काढलेले तुकडे पडून असतात, त्यातला एक मागा. खाली दुमडलेली सतरंजी, त्यावर ग्रॅनाईट, त्यावर प्लास्टिकचा भाजी चिरायचा बोर्ड. ही रास टेबलाच्या मधोमध नको, पायाच्या बरोबर वर ठेवा. मधोमध टेबल ढोलासारखं घुमतं आणि ठोक्याचा जोरही वाया जातो. लोखंडी हातोडी अजिबात नको, छिन्नीचं डोकं चेपतं. लाकडी मोगरी किंवा नायलॉनचा हातोडा जुन्या नाशकातल्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारा.

चामडं मात्र धारावीत जाऊन, हातात घेऊन निवडावं असं माझं मत. नाशिक रोडहून पंचवटीने दादर, तिथून लोकलने सायन. चामडं चौरस फुटावर विकतात. पाकिटाला १.२ ते १.५ मिमी पुरे, पट्ट्याला ३.५ ते ४ मिमी. शिकताना कापून उरलेले तुकडेच घ्या.

धागाकर्ता

खूप आभार. चर्मकारांची रापी आणि आरी घेतली तर कटर, छिन्नी लागणार नाही ना?

प्रतिसाद १

रापी उत्तम हत्यार आहे, पण तिची जागा वेगळी. घडी पडते तिथली कड आतून तासून पातळ करायला तिच्यासारखं काही नाही. तिला धार मात्र रोज हवी. चामड्याची पट्टी लाकडावर चिकटवून त्यावर हिरवं पॉलिश (धार लावायची वडी) घासा आणि पातं मागे ओढत १५-२० वेळा फिरवा. पुढे ढकललंत तर पट्टीच कापली जाते. सरळ कापाला सुरुवातीला कटरच सोपा, बोथट झाला की टोक मोडायचं.

आरीच्या टोकाला दोरा ओढायचा खाचा असतो. दोन सुयांच्या शिलाईत तोच खाचा भोकाची कड उचकटतो. त्यामुळे आरी घ्यायचीच तर बिनखाचाची.

प्रतिसाद २

चिकटवायला रबराचा कॉन्टॅक्ट गोंद. दोन्ही बाजूंना पातळ थर लावा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबा. नाशकाच्या एप्रिल-मेमध्ये पाचेक मिनिटांत होतं, पावसाळ्यात पंधरा लागतात. ओला असताना जोडलं तर शिवताना थर सरकतात. चामड्याची बाजू गुळगुळीत असेल तर आधी पॉलिश पेपरने खरवडा.

धागाकर्ता

आणि कडा चकचकीत कशा करायच्या?

प्रतिसाद १

आधी चामडं कोणतं ते बघा. व्हेज टॅनची कड ४०० आणि मग ८०० नंबरच्या पेपरने घासा, सीएमसीचं (पाणी दाट करणाऱ्या पावडरचं) पाणी लावा आणि जाड कॅनव्हासने जोरात घासत राहा. सीएमसी पावडर केकच्या सामानाच्या दुकानात मिळते, १०० मिली पाण्यात २ ग्रॅम. क्रोम टॅनची, म्हणजे क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याची, कड कितीही घासली तरी चमकत नाही, ती मऊच राहते. तिला कडेचा रंग दोन-तीन पातळ थरांत लावतात, नाहीतर कड आत दुमडून शिवतात.