सोपा, खण आणि माजघर : जुन्या घराच्या शब्दांविषयी

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमचे आजोळचे घर उतरवून तेथे नवे बांधकाम करण्याचे ठरले आहे. पाहणीसाठी आलेल्या म्हाताऱ्या सुताराने "सोपा किती खणांचा?" असे विचारले, तेव्हा पुण्यात वाढलेल्या माझ्या मुलीने "सोपा म्हणजे ओसरीच ना?" असे मला विचारले आणि मला नीट उत्तर देता आले नाही. सोपा, ओसरी, पडवी आणि पडसाळ ही एकाच जागेची नावे आहेत काय? आणि खण म्हणजे नेमके किती?

उत्तर : हे चारही शब्द एकमेकांच्या शेजारचे आहेत, परंतु एकाच अर्थाचे नाहीत. ओसरी म्हणजे घराच्या दर्शनी बाजूची, वर छप्पर असलेली पण पुढून मोकळी जागा. पडवी ही मूळ घराला जोडून काढलेली असते. तिचे छप्पर मुख्य छपरापासून उतरते येते आणि ती घराच्या कोणत्याही बाजूला असू शकते. पडसाळ हा शब्द आपल्याकडे दोन्ही भाषांत नांदतो, कारण कन्नड घरातही पुढच्या बैठकीच्या जागेला 'पडसाले' म्हणतात. सोपा मात्र बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडे कोल्हापूरपर्यंतच्या घरांचा खास शब्द आहे. तो मुख्य छपराखालीच असतो, जमिनीपासून हात-दीड हात उंच असतो आणि लाकडी खांबांवर उभा असतो. आमच्याकडे सोप्यावर पाहुणे बसत, पावसाळ्यात घोंगडी आणि इरली तेथेच टांगली जात, रात्री घरातील पुरुषमाणसे तेथेच अंथरूण टाकत, आणि एका अंगाला खालच्या पातळीवर जनावरांची दावण असे. त्यामुळे सोप्याला ओसरी म्हटल्यास समजते, पण त्या जागेत दिवसभर चाललेला वावर त्या शब्दात येत नाही.

खणाविषयी बोलायचे, तर ते फुटांत सांगता येणारे माप नव्हे. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण, आणि ते अंतर हाताशी असलेल्या लाकडावर ठरत असे. लाकूड आखूड मिळाले तर खण लहान. म्हणून दोन घरे पाच खणीच असली, तरी त्यांची लांबी सारखी असेलच असे नाही. यालाच कन्नडमध्ये 'अंकण' म्हणतात. आजच्या कन्नड वर्तमानपत्रांत 'अंकण' हा शब्द सदर या अर्थाने छापला जातो, म्हणजे खांबांमधली जागा तेथे कागदावर आली. आपला 'खण' मेजात गेला, कपाटात गेला. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डचे चोळीचे खण तर आपल्या बाजारात पिढ्यानपिढ्या विकले जात आहेत. हा शब्द लोपला असे म्हणता येणार नाही. पण घर खणांनी मोजणारी माणसे थोडी उरली आहेत, आणि तुमचे सुतार त्यांपैकी आहेत, तेव्हा घर उतरण्यापूर्वी त्यांच्याकडून आढे, तुळई, वासा, वळचण हे सगळे हाताने दाखवून घ्यावे. 'वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही' ही म्हण तुमच्या मुलीला कितीही समजावून सांगितली, तरी छपराचे वरचे टोक आणि खालचा काठ एकदा नजरेने पाहिल्यावरच ती खरी कळेल.

मला अधिक मोलाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे. जुन्या घराच्या भागांना आपण 'खोली' क्वचितच म्हणत होतो. माजघर, देवघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर : प्रत्येक भाग स्वतःच एक घर. कन्नडमध्येही अगदी असेच आहे : नडुमने, देवरमने, अडिगेमने, बच्चलमने. 'मज्झ' म्हणजे मधले, त्यावरून माजघर; 'नडु' म्हणजेही मधलेच, म्हणून नडुमने. एकाच गल्लीत समोरासमोर राहणाऱ्या दोन भाषांनी घराकडे एकाच नजरेने पाहिले. यातील प्रत्येक नाव कामावरून किंवा ठिकाणावरून पडले आहे, माणसावरून एकही नाही. बाळंतिणीची खोली एवढाच अपवाद, आणि तीही बाळंतीण बदलली की दुसरीची होई. ज्या घरात दहा-बारा माणसे राहत, तेथे 'माझी खोली' हे शब्द कोणाच्या तोंडी येण्याचे कारणच नव्हते. ती अडचण होती हे मला मान्य आहे, विशेषतः सुनांची. तरीही अंथरूण कोठे टाकायचे हे रोज रात्री नव्याने ठरणाऱ्या त्या घरांत माणसाला फार थोड्या वस्तू पुरत, हेही मी पाहिले आहे.

पुरवणी (दुसऱ्या एकाकडून) : मी अथणीकडचा. वरील उत्तर पश्चिमेकडच्या पावसाळी मुलखाला लागू आहे. आमच्याकडे पाऊस कमी, म्हणून उतरते छप्पर आणि कौले नाहीत, तर सपाट मातीचे माळवद असते आणि त्यावर मिरच्या, शेवया व सांडगे वाळतात. आढे नाही, त्यामुळे वरील म्हण आमच्या घरात दाखवता येणार नाही. त्याऐवजी आमच्याकडे धान्य साठविण्याचे जमिनीतील पेव होते. कन्नडमध्ये त्याला 'हगेवु' म्हणतात. नव्या दुकानांचे 'पेव फुटले' असे लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी पेव उघडताना पाहिले असेल? बरेच दिवस बंद असलेल्या पेवात वाईट हवा साठते, म्हणून ते उघडून बराच वेळ ठेवल्याशिवाय माझे वडील कोणालाही आत उतरू देत नसत.

प्रश्नकर्त्याकडून : दोघांचेही मनापासून आभार. काल मुलीला घेऊन आजोळी गेलो. सोपा चार खणांचा निघाला. माजघरातील एका खांबावर कमरेएवढ्या उंचीला बोटभर खोल, गुळगुळीत खाच दिसली. मुलीला वाटले की खांबाला कीड लागली आहे. आईने खाचेवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "हा घुसळखांब. रवीची दोरी इथंच घासायची." सकाळी ताक घुसळताना रवी याच खांबाला अडकवलेली असे. आजी आणि तिच्या आधी तिची सासू, दोघींच्या हातांनी ती खाच पडली आहे. रवीला कन्नडमध्ये 'कडगोलु' म्हणतात हे मला ठाऊक होते, उडुपीच्या कृष्णाच्या हातातही तोच आहे. पण घुसळखांब हा शब्द मी पन्नाशी उलटल्यावर प्रथमच ऐकला. सुताराने तो खांब फणसाचा असल्याचे सांगितले आणि तो न कापता वेगळा काढून ठेवण्याचे कबूल केले. निपाणी, चिकोडी किंवा चंदगडकडील कोणाच्या घरात या खांबाला वेगळे नाव असल्यास ते कृपया कळवावे.