१७ फुटी आयशरच्या प्लॅटफॉर्मसाठी ताडपत्री कुठली घ्यावी? (भोसरी ते तळोजा, पावसाळा)

भोसरीकर_१७फुटी
नमस्कार मंडळी. माझी एकच गाडी, फाळके काढून सपाट प्लॅटफॉर्म केलेली. माल म्हणजे मशिनिंग झालेली कास्टिंग (ओतीव धातूचे भाग), पॅलेटवर, चार फूट उंचीपर्यंत. गेल्या महिन्यात भोसरीतून निघालो तेव्हा कडक ऊन, लोणावळ्याला धो-धो. खंडाळ्याच्या उतारावर ताडपत्रीचा पुढचा कोपरा टरकला. तळोज्याला उतरवताना दोन पॅलेटवर गंज. पार्टीने डेबिट नोट हातात ठेवली, चहासुद्धा विचारला नाही.

ताडपत्री १८ बाय २४ ची होती, निळी प्लास्टिकची. दुकानदार म्हणाला होता २५० जीएसएम. आता कोणी म्हणतं पीव्हीसी घे, कोणी म्हणतं कॅनव्हासच. पीव्हीसीचा भाव तिपटीच्या वर सांगतायत. अनुभवी माणसांनी सांगा.

जुना_क्लीनर
भाऊ, आधी ती फाटकी ताडपत्री वजनकाट्यावर टाका. १८ गुणिले २४ म्हणजे ४३२ चौरस फूट, भागिले १०.७६, म्हणजे ४० चौरस मीटर. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. खरंच २५० असेल तर काटा १० किलोच्या आसपास दाखवेल. दुकानात जीएसएम तोंडाने सांगतात, काटा कोणी काढत नाही.

दुसरं. ताडपत्री पावसाने फाटत नाही, फडफडून फाटते. मी क्लीनर असताना उस्ताद गाडी सुटण्याआधी सगळीकडून हात फिरवायचे. जिथे कापड हाताला ढिलं लागलं, तिथे माझ्या कानाखाली. वाईट होते, पण ताडपत्री चार-चार वर्षं चालायची.

आता तुमचं माप बघू. माल १७ फूट लांब, साडेसहा रुंद धरतो. चार फूट उंची दोन्ही बाजूंनी खाली यायची, म्हणजे लांबीला २५ आणि रुंदीला साडेचौदा. शिवाय खाली दुमडून बांधायला प्रत्येक बाजूला दीड फूट. झालं २८ बाय साडेसतरा. म्हणजे तुमची ताडपत्री रुंदीला पुरते, लांबीला नाही. तुम्ही पुढून ताणून बांधली असणार, मागे तोंड उघडं राहिलं असणार. वारा शिरला, फुगा झाला, आणि कोपरा गेला. १८ बाय ३० बघा.

पॅलेटच्या कोपऱ्यांवर जुन्या ट्यूबचे तुकडे किंवा गोणपाट ठेवा. कास्टिंगची धार आणि दोरीचा ताण यांच्यात सापडली तर पीव्हीसीसुद्धा टिकत नाही. दोन तुकडे वापरायची वेळ आलीच तर मागचा आधी टाका, पुढचा त्याच्यावर चढवा, कौलं घालतो तसं. उलटं केलंत तर वारा जोडातूनच उचलेल.

आणि दोर नायलॉनचा असेल तर भिजला की ढिला पडतो. कामशेतला चहाला थांबालच, तेव्हा एक फेरी मारून आवळून घ्या. ताडपत्री फक्त झाकायला असते बरं का. माल धरायला पट्टे वेगळे.

चाकण_शॉपफ्लोअर
वरचं सगळं बरोबर, पण गंज फक्त पावसाचा होता का, हे तपासा. दुपारी तापलेलं कास्टिंग घट्ट प्लास्टिकखाली बांधलं आणि गाडी थंड ढगात शिरली की आतल्या बाजूला घाम सुटतो. आमच्याकडे एकदा ताडपत्री धड असूनही माल गंजला होता, तेव्हा हे कळलं. मालाला तेल लावून व्हीसीआय कागदात (गंज रोखणारा कागद) गुंडाळा, आणि ताडपत्री मालाला चिकटू नये म्हणून वर लाकडी पट्ट्या टाका.

कॅनव्हास श्वास घेतं हे खरं. पण भिजलं की उचलवत नाही आणि ओलं गुंडाळून ठेवलं की बुरशी. तुमच्याकडे वाळत घालायला जागा आहे का? भोसरीत?

पेठेतला_पाहुणा
रविवार पेठेत बोहरी आळीच्या आजूबाजूला बघा, पण टेम्पो घेऊन जाऊ नका, पार्किंग शोधण्यात दिवस जाईल. आणि विचारा की माप शिलाईनंतरचं की आधीचं. कडा दुमडण्यात काही इंच जातात. दोर ओवायचे डोळे पितळी घ्या, आणि कडेच्या आत दोर शिवलेला हवा.

भोसरीकर_१७फुटी
आत्ता भंगारवाल्याच्या काट्यावर टाकून आलो. ६ किलो ८००, तेही डोळ्यांसकट. म्हणजे १७० सुद्धा भरत नाही. मागे उघडं राहायचं हेही खरंय, आम्ही तिथे वेगळा प्लास्टिकचा तुकडा खोचायचो.

वाळत घालायला जागा नाही, त्यामुळे कॅनव्हास बाद. पीव्हीसी १८ बाय ३० घेतो. ६५० जीएसएमने ती ३२ किलोच्या पुढे जाते, म्हणजे एकट्याने वर चढवायचं विसरा. पोराला सांगितलंय, उद्यापासून सकाळी सहाला गाडीवर.

जुना_क्लीनर
पोराला कानाखाली मारू नका. आणि दुकानात काटा सोबत न्या.