'इच्छामरण' म्हणजे नेमके कोणते मरण?

प्रश्न

एका माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद तपासत असताना 'सहाय्यित मृत्यूच्या अधिकाराची सार्वजनिक पारदर्शकता आणि प्रवेश' या शीर्षकापाशी मी अडखळलो. अधिकार पारदर्शक कसा असेल आणि त्यात प्रवेश कोण करणार, हे काही उमगले नाही. त्याऐवजी 'इच्छामरण : माहिती व उपलब्धता' एवढेच लिहिले तर चालेल काय? जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

'प्रवेश' काढलात हे योग्यच झाले, परंतु 'इच्छामरण' स्वीकारण्यापूर्वी थोडे थांबावे. हा शब्द आपल्या मनात भीष्मांच्या कथेमुळे रुजलेला आहे. शंतनूच्या वरामुळे शरपंजरी पडलेले भीष्म उत्तरायण लागेपर्यंत प्राण रोखून धरतात. तेथे वैद्य नाही, अर्ज नाही, परवानगी नाही आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या कोणाचा हातभारही नाही. आज मात्र आपण हाच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना लावतो : डॉक्टरने स्वतः औषध टोचणे, डॉक्टरने लिहून दिलेले औषध रुग्णाने आपल्या हाताने घेणे, आणि कृत्रिम श्वसनासारखे उपचार थांबवून मरण त्याच्या क्रमाने येऊ देणे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी यांपैकी केवळ तिसऱ्या गोष्टीला आणि त्यासंबंधी आधीच लिहून ठेवलेल्या निर्देशांना मान्यता दिली. त्यानंतर माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी, "म्हणजे आता अर्ज केला की इंजेक्शन मिळणार ना?" असे मला विचारले होते. दोष त्यांचा नव्हता. शब्दानेच त्यांना तसे सांगितले होते.

'दयामरण' तर त्याहून अडचणीचा आहे. 'इच्छामरणा'तील इच्छा निदान मरणाऱ्याची असते, पण 'दयामरणा'तील दया दुसऱ्याची असते आणि मरणाऱ्याचा होकार त्या समासात कोठेच सापडत नाही.

जाता जाता शुद्धलेखनाविषयी : 'सहाय' म्हणजे मदत करणारा आणि त्यापासून झालेले भाववाचक नाम 'साहाय्य'. 'सहाय्य' ही दोहोंची सरमिसळ आहे आणि तिला 'इत' जोडून केलेला 'सहाय्यित' कानाला फारच खडबडीत लागतो. 'वैद्यकीय साहाय्याने मरण' हा शब्दप्रयोग लांब असला तरी स्वच्छ आहे. कॅनडाने २०१६ मध्ये कायद्यात आणलेली संज्ञा याच धाटणीची असून तिच्यात वरीलपैकी पहिले दोन प्रकार येतात, तिसरा येत नाही.

प्रतिसाद

एवढा काथ्याकूट कशासाठी, हे मला कळत नाही. 'इच्छामरण' रूढ आहे, वाचकाला आशय समजतो. तपशील डॉक्टर समजावून सांगतील.

प्रतिसाद

डॉक्टर समजावून सांगतील, हे गृहीतच सर्वत्र लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या २०१७ च्या मूळ कायद्यात, आरोग्यसेवकाने हा विषय रुग्णापुढे आपणहून काढू नये, असे बंधन होते. न्यूझीलंडच्या २०१९ च्या कायद्यातही तसेच कलम आहे. रुग्णावर कोणाचा दबाव येऊ नये, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु त्याचा परिणाम असा की, रुग्णाने स्वतःच्या तोंडाने विचारल्याशिवाय बोलणेच सुरू होत नाही, आणि विचारण्यासाठी त्याच्यापाशी नेमका शब्द असावा लागतो. खाटेवरील माणूस "आता मला सोडवा" एवढेच म्हणाला, तर त्याला वेदना कमी करून हव्या आहेत, नळ्या काढून हव्या आहेत की मरण हवे आहे, हे ऐकणाऱ्याने कसे ठरवावे? म्हणूनच 'उपलब्धता' मला अपुरी वाटते. औषध दुकानात उपलब्ध असते. येथे प्रश्न ते मागता येण्याचा आहे.

'पारदर्शकते'चेही तसेच. हे भाववाचक नाम गुळगुळीत आहे. कोणी, कोणाला, काय दाखवायचे, हे ते सांगत नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात व्यक्तिगत नोंदी गोपनीय ठेवून दरवर्षी आकडेवारीचा अहवाल जाहीर केला जातो. त्यात औषध लिहून दिलेल्या व्यक्ती आणि ते घेऊन मरण पावलेल्या व्यक्ती यांचे आकडे वेगळे असतात, कारण औषध जवळ असूनही ते न घेणारे अनेक असतात. अनुवादात दोन्हींना 'इच्छामरणाची प्रकरणे' म्हटले, तर तेथे उघड केलेली गोष्ट आपण मराठीत पुन्हा झाकून टाकतो. तेव्हा 'पारदर्शकता'ऐवजी सरळ 'जाहीर नोंदी' म्हणावे. त्याच राज्याच्या कायद्यात, या तरतुदीनुसार केलेली कृती आत्महत्या ठरणार नाही, असे स्पष्ट म्हटलेले असल्यामुळे त्या संदर्भात 'आत्महत्या' हा शब्दही टाळावा लागेल.

याउलट स्वित्झर्लंडच्या दंडसंहितेतील ११५ वे कलम आत्महत्येचीच भाषा बोलते : स्वार्थी हेतूने आत्महत्येस साहाय्य करणे हा गुन्हा आहे. स्वार्थ नसेल तर शिक्षा नाही, एवढेच. याला 'अधिकार' म्हणणे धाडसाचे होईल. २००२ पासून अमलात असलेल्या नेदरलँड्सच्या कायद्यातही अटी पाळून मृत्यूची माहिती नगरपालिकेच्या मृत्यू-तपासणी वैद्यकाला (आणि त्याच्यामार्फत पुनर्विलोकन समितीला) कळवणाऱ्या डॉक्टरला संरक्षण आहे, पण रुग्णाचे म्हणणे मान्य करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. अशा ठिकाणी मराठीतील 'मुभा' हा शब्द चपखल बसतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. शीर्षक 'वैद्यकीय साहाय्याने मरण : नियम, जाहीर नोंदी आणि मागणी करण्याची रीत' असे करतो आहे. पत्रक नेदरलँड्समधील व्यवस्थेविषयी आहे, हे आधी सांगायला हवे होते.

प्रतिसाद

मग 'मागणी' नको, 'विनंती' घ्या. मागणी हक्काची असते, आणि आपले पत्रक मुभेविषयी आहे.